कोरड्या हौदावरची हाळी

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. मार्च संपायच्या आत आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो थांबले आणि टँकरच्या वेळा पडू लागल्या, तेव्हाच ओळखलं, हा उन्हाळा त्या उन्हाळ्यासारखा जाणार. बीड बायपासच्या अलीकडे-पलीकडे, जिथं आमच्या कॉलेजच्या दिवसांत बाभळी आणि तितर होते, तिथं आता सात-सात मजले उभे आहेत आणि प्रत्येक गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग आहे. आमची गल्ली जुन्या रो-हाउसची, त्यामुळे आमच्याकडे टाक्यांऐवजी दारोदार निळे ड्रम. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी अर्धी गल्ली ऑफिसला आजारी असते. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, मॉल आले. घसा तेवढा तोच राहिला.

ग्रुपवर शेजारच्या वहिनींची एकच तक्रार असते. आमचा टँकरवाला गल्लीत शिरताना हॉर्न देत नाही. येतो, गाडी लावतो, खाली उतरतो, काहीतरी खुडबुड करतो आणि मग हॉर्न वाजवतो. तोवर पुढच्या गल्लीतले लोक ड्रम घेऊन हजर. आधी वाजवायला याचं काय जातं, असं त्या विचारतात. मला उत्तर माहीत आहे, पण मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात मला एक मेल आली. उत्तर युरोपातल्या, निम्मं वर्ष बर्फाखाली असणाऱ्या कुठल्याशा गावातून, एका छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून. त्यांना आमचा जुना अल्बम पुन्हा काढायचा होता, काळ्या तबकडीवर, जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात. शेवटी एक विनंती होती. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला माणसाची जी हाक आहे आणि तिच्यामागून खुरांचा जो लोंढा येतो, त्याचं न कापलेलं मूळ ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे का, असेल तर ते अल्बमच्या अखेरीस घालू.

आहे. अकरा मिनिटांचं आहे. त्यातले चाळीस सेकंद अल्बमवर आहेत. उरलेल्यात काय आहे ते तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक आता हयात नाही. त्या चाळीस सेकंदांपायी माझ्या मित्राचा आवाज गेला, आणि तो मी घालवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तुम्हाला चटकन कळेल.

आमच्या बँडचं नाव कातळ. आम्ही सिंफनिक ब्लॅक मेटल वाजवायचो. हे शब्द मी ज्यांच्या ज्यांच्यासमोर उच्चारले त्यांच्या चेहऱ्यावर एकच काळजी दिसली, याला मुलगी कोण देणार. थोडक्यात सांगायचं तर गिटार करवतीसारखी कापत सुटते, ढोल इतक्या वेगानं पडतात की ठेका मोजायचा नाद सोडावा लागतो, गायक गात नाही, किंचाळतो, आणि या सगळ्या गदारोळाच्या मागं मोठा वाद्यवृंद संथपणे चालत असतो, कर्णे, व्हायोलिनं, समूहाचा स्वर. हे संगीत थंड देशांतल्या पोरांनी काढलं. त्यांच्याकडे बर्फ होता, काळोख होता, देवदारांची रानं होती. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, तरी पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आम्ही बर्फच छापला. बाहेर बेचाळीस अंश होतं आणि आम्ही काळी जाकिटं घालून दौलताबादच्या घाटात फोटो काढत होतो.

आम्ही तिघं. कीबोर्ड आणि गाण्यांची बांधणी माझ्याकडे. गिटारवर इम्रान, ज्याचं घर शहागंजच्या मागं होतं आणि ज्याला जगातली कुठलीही गोष्ट 'हौ' किंवा 'नक्को' यापलीकडे चर्चेची वाटायची नाही. गायला मल्हारी. ढोल वाजवणारं कुणी मिळालं नाही, म्हणून ते काम कॉम्प्युटरकडे दिलं. आमच्यात वेळेवर येणारा तो एकटाच.

मल्हारीचं घर मेंढ्यांचं, वैजापूर तालुक्यातलं. तो आयटीआय करायला शहरात आला आणि वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये लागला. माझं घर सोयगावकडचं, जमीनवालं, पण वडील नोकरीसाठी इथं आले आणि जमीन वाट्यानं दिली. म्हणजे माझ्या घरात दुष्काळ पेपरातून यायचा आणि त्याच्या घरात दारातून. आमची मैत्री झाली ती एका चहाच्या टपरीवर, त्याच्या मोबाईलमधून येणाऱ्या किंचाळण्यामुळे. आपण एकटेच वेडे नाही, हे कळण्यात जो आनंद असतो तो मला पुढं फारसा मिळाला नाही.

पहिल्या अल्बमचं नाव राख. त्यात मल्हारी बाहेरच्या गायकांची नक्कल करायचा. घसा आवळून, मान ताठ करून, डोळे लाल. एका गाण्यानंतर तीन दिवस मिठाच्या गुळण्या. आवाज उसना आहे हे आम्हा तिघांनाही कळत होतं, पण तिघांनीही कबूल केलं नाही.

मग एकदा आम्ही खुलताबादच्या वरच्या अंगाला, डोंगरावर गेलो होतो. इम्रान गाडीची किल्ली खिशात घालून पलीकडच्या टेकाडावर निघून गेला होता, मुंगीएवढा दिसत होता. मी ओरडलो, घसा फुटेस्तोवर. त्याला पत्ता नाही. मल्हारी बसल्या जागेवरून उठला, एक तळहात कानामागं धरला आणि त्यानं आवाज सोडला. ओरडला म्हणता येणार नाही. खालून वर जात गेलेला एक लांब सूर, मध्येच मोडलेला, मग दोन आखूड तुकडे. दरी ओलांडून तो सूर गेला आणि टेकाडावरचा ठिपका जागच्या जागी थांबला. मल्हारीच्या मानेवरची शीरसुद्धा हलली नव्हती.

"हाच आवाज पाहिजे," मी म्हणालो.

तो हसला. "ह्यो गान्याचा नाय रं. कामाचा हाय."

कामाचा म्हणजे मेंढरांचा. त्यांच्या घराच्या चार हाळ्या होत्या. थांबवायची, वळवायची, गोळा करायची आणि पाण्यावर न्यायची. आबांची, म्हणजे त्याच्या वडलांची, आणि मल्हारीची हाळी एकच. शेजारी दुसऱ्याचा कळप चरत असला तरी त्यातलं एकही मेंढरू ढुंकून बघायचं नाही. मी तेव्हा कीबोर्डवर बोटं फिरवत त्या सुरांचे आकडे कागदावर मांडत होतो. मल्हारीनं कागद बघितला आणि विचारलं, "ह्ये वाचून मेंढरं येतील का?" आम्ही तिघंही हसलो होतो.

दुसऱ्या अल्बमचा उन्हाळा दुष्काळाचा होता. लागून दुसरा. शहरातल्याच सातारा परिसरात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत आम्हाला एक खोली मिळाली होती, कारण बिल्डरचं काम पाण्यावाचून अडलं होतं. भिंती नागड्या, आवाज घुमायचा. मल्हारीनं घरून आठ घोंगड्या आणल्या आणि आम्ही त्या खिळ्यांनी भिंतींना ठोकल्या. त्या खोलीतला आवाज एकदम बसला. आजही तो अल्बम ऐकणारे त्यातल्या कोरड्या, जवळून येणाऱ्या आवाजाबद्दल विचारतात, कुठलं यंत्र वापरलं. घोंगड्या वापरल्या. दुपारी पंखा बंद करून मुद्रण चालायचं तेव्हा त्या लोकरीचा वास तापून असा उठायचा की कळपात बसल्यासारखं वाटे.

आबा एकदा पोराला भाकरी द्यायला आले होते. उंच, वाळलेले, पटक्याखाली चेहरा एवढासा. त्यांनी चारही भिंती पाहिल्या, एका घोंगडीच्या कोपऱ्यातला खिळा बोटानं चाचपला. "मानसाच्या अंगावरची चीज भितीला घातली व्हय," एवढंच म्हणाले आणि भाकरी ठेवून गेले. रागावले नव्हते. मला मात्र त्यांच्या बोलण्यात एखादी कविता असावी असं वाटलं आणि मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. मी त्या काळात सगळंच टिपून घ्यायचो, आणि लक्ष मात्र कशाकडेच द्यायचो नाही.

वाद्यवृंद कुठून आणायचा हा प्रश्न दुष्काळानंच सोडवला. लग्नं रोडावली होती, जी होत होती ती चार माणसांत. शहरातले ब्रास बँडवाले रिकामे बसले होते. इम्राननं त्यांच्यातल्या आठ जणांना आणलं. भर मे महिन्यात ते लाल कोट, सोनेरी दोरी, टोपी असा पूर्ण पोशाख करून आले, कारण त्याशिवाय त्यांना वाजवता येत नव्हतं. क्लॅरिनेटवाल्या मास्तरांनी घाम पुसत विचारलं, "सायेब, लगीन कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही."

"मंग मयत हाय का? मयतीचं बी वाजवतो आमी."

मी त्यांना समजावून सांगितलं की वरात संपल्यावर परत जाताना कसं वाजवाल तसं वाजवा, संथ आणि दमलेलं. मास्तर म्हणाले, "परत जाताना कोन वाजवतं, सायेब?" पण वाजवलं त्यांनी. उकाड्यानं वाद्यं अर्ध्या सुरानं सरकली होती, आणि ते सरकलेपण इतकं सुंदर, इतकं अशुभ होतं की मी ते नीट करायचं नाकारलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आमचा बर्फ वितळला. आता आमच्याकडे आमचा स्वतःचा आवाज आहे. अल्बमचं नाव ठरलं, कोरडी बारव. फक्त मल्हारीचा खरा आवाज तेवढा त्यात यायचा बाकी होता.

त्या वर्षी आबा कळप घेऊन शहराच्या कडेला आले होते. एरवी ते गोदाकाठाला जायचे. तिकडेही पाणी नाही म्हटल्यावर पडेगावच्या पुढं, नव्या प्लॉटिंगच्या उघड्या माळावर वाडा टाकला होता. म्हणजे जाळी लावून मेंढरं आत, आणि दोन पालं. आजूबाजूला चुन्याच्या रेघा, नंबर टाकलेले दगड, 'स्वप्नातलं घर' असा फलक. समोर एका इमारतीचं काम चालू होतं आणि तिथं रोज सकाळी स्लॅबवर पाणी मारलं जायचं. सिमेंट वाळू नये म्हणून. मेंढरं तिकडं तोंड करून उभी असायची.

माळावर सिमेंटचा एक हौद होता. तो एक दिवसाआड टँकरनं भरायचा. भरला की आबा आधी हौदावर वाकायचे, ओंजळभर पाणी घ्यायचे, प्यायचे. मग तोंड पुसून हाळी द्यायचे. मी एकदा विचारलं, आधी तुम्ही का पिता? तहान तर त्यांना जास्त लागलेली असते.

"म्या चाखल्याबिगर त्यास्नी कसं बोलवू, बाबू," ते म्हणाले. "खारट निघालं, घान निघालं तर? ती माज्या शब्दावर पळत येत्यात." आणि पुढं म्हणाले, "पानी नसताना ही हाळी द्यायची नस्ती. येकदा फशिवलं की मेंढरू पुन्ना यत नाय."

हेही मी वहीत टिपून घेतलं.

ती दुपार उतरणीला लागलेली होती, चार वाजले असतील. आबा दोन रिकामे कॅन घेऊन बांधकामावरच्या वॉचमनकडे पिण्याचं पाणी मागायला गेले होते. मी रेकॉर्डर आणला होता, त्याच्या मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी. मल्हारीनं आधी गोळा करायची हाळी दिली, मग वळवायची. आवाज देखणा आला. पण मेंढरं सुस्त होती, नुसत्या माना वर करून पुन्हा खाली घालत होती. मला खुरांचा आवाज हवा होता. दीडशे मेंढरांच्या खुरांचा, घंटांचा, धुळीचा.

"पाण्याची दे," मी म्हणालो.

"पानी नाय हौदात."

"एकदाच दे. त्यांना काय कळतंय."

 तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आज टँकरचा वार हाय. येतच असंल." हे तो मला सांगत नव्हता, स्वतःला सांगत होता. मला ते स्पष्ट कळलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसून रेकॉर्डरचं बटण दाबलं. या सगळ्या प्रकरणात माझा गुन्हा काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या गप्प बसण्याकडे बोट दाखवीन.

त्यानं हाळी दिली. माळ उठला. म्होरकी मेंढी घंटा वाजवत सर्वांत पुढं आणि मागून सगळा कळप, माना पुढं काढून, एकमेकांवर चढत. जमीन पायाखाली थरथरली. मी खूश होऊन रेकॉर्डर आणखी पुढं धरला. कळप हौदावर आदळला, पुढची चार-पाच मेंढरं मागच्यांच्या रेट्यानं आत पडली. मग खुरं थांबली. अल्बमवरचे चाळीस सेकंद इथं संपतात.

पुढं मेंढरं हौदाचं सिमेंट चाटू लागली. खरखरीत जीभ सिमेंटवर घासल्याचा आवाज मुद्रणात नीट ऐकू येतो. मग एकेक करून ओरडायला लागली. मल्हारी त्यांना मागं सारायला गेला, ती हलली नाहीत. आणि मग लांबून, धापा टाकत, जवळ येत जाणारी पावलं. आबांनी ती हाळी बांधकामावर ऐकली होती. त्यांना वाटलं, टँकर आला. रिकामे कॅन एकमेकांवर आपटत ते पळत आले होते, त्या वयात. आवाजात हसू होतं.

"आलं का रं पानी?"

कुणी उत्तर दिलं नाही. मुद्रणात त्यानंतर नुसतं मेंढरांचं ओरडणं आहे, आणि शेवटी माझा हात मायक्रोफोनला घासल्याची खरखर.

आबांनी हौदात हात घातला. हात कोरडाच बाहेर आला, तरी तो त्यांनी धोतराला पुसला. मल्हारीकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या हातातल्या केसाळ टोपीच्या यंत्राकडे पाहिलं.

"बाबू, घावलं का तुला पायजे व्हतं ते?"

"हो," मी म्हणालो. 

टँकर त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला. आबांनी ओंजळभर पाणी पिऊन हाळी दिली. मेंढरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. दोन दिवसांची तहान असून. त्यांना काठीनं, एकेकाला ढकलत पाण्यावर न्यावं लागलं. हे मला मल्हारीनं सांगितलं, घोंगड्यांच्या खोलीत, पाठ भिंतीला टेकून. पाऊस लागायच्या आत कळप विकला गेला. निम्मा वैजापूरच्या बाजारात, उरलेला जागेवरच. मेंढरं दुष्काळानं गेली, हाळीनं नाय, असं तोच मला म्हणाला होता, माझी समजूत घालायला. तसंच असेल. दुष्काळानं मेंढरं जातात. पण त्या कळपाचा आबांच्या शब्दावरचा भरवसा काही दुष्काळानं गेला नव्हता.

त्या दुपारनंतर मुद्रणाचे बारा दिवस उरले होते. मल्हारी रोज यायचा, मायक्रोफोनसमोर उभा राहायचा, तळहात कानामागं धरायचा आणि तोंड उघडायचा. हवा यायची, आवाज नाही. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, म्हणाले, घसा अगदी साफ आहे. इम्रान म्हणाला, "उसकू मत बोल कुछ. छोड दे कुछ दिन." मी सोडलं नाही. मी त्याच्याकडून जुनं उसनं किंचाळणंही करवून घ्यायचा प्रयत्न केला, तेही येईना. नऊ गाण्यांपैकी सहांमध्ये गायकाची जागा रिकामी राहिली. त्या जागा मी मास्तरांच्या क्लॅरिनेटनं आणि कर्ण्यांनी भरल्या.

"ते चाळीस सेकंद ठिवायचे का?" मल्हारीनं शेवटच्या दिवशी विचारलं.

"तुझ्या आवाजाचं तेवढंच उरलंय," मी म्हणालो. खरंच होतं ते. खरं बोलून माणसाला कोंडीत कसं पकडायचं, ही विद्या मला उपजतच आहे. तो बरं म्हणाला, भिंतींवरच्या घोंगड्या उतरवल्या, खिळे काढून माझ्या हातात दिले आणि गेला. कातळमधला त्याचा तो शेवटचा दिवस.

अल्बम आला. इथं कुणी ऐकला नाही, बाहेर थोडा गाजला. संकेतस्थळांवर लांबच लांब परीक्षणं आली. सगळ्यांचा सूर एक. राखपासून कोरड्या बारवेपर्यंत या बँडचा आवाज किती बदलला, किती प्रौढ झाला. गायकाला मागं ओढून वाद्यांना जागा देण्याचं धाडस किती विरळ. आवाज नसलेल्या जागांमध्ये जे बोललं जातं ते शब्दांत येणार नाही. इम्रान मोठमोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मी ऐकायचो. माझ्या मित्राच्या गळ्यात पडलेल्या खड्ड्याला लोक माझी प्रगल्भता म्हणत होते आणि मी त्यांना धन्यवादाची पत्रं लिहीत होतो. एकानं विचारलं, हा बदल जाणीवपूर्वक केला का? मी लिहिलं, हो.

पुढं आम्ही आणखी दोन अल्बम काढले, मी आणि इम्राननं. सगळा वाद्यवृंद कॉम्प्युटरमधला, सुरेल, स्वच्छ. कुणी दुसऱ्यांदा ऐकले नाहीत. इम्रान आखातात गेला. मी वाळूजमध्ये मालाची तपासणी करतो, चांगलं आणि वाईट वेगळं करून ठेवतो, आणि घरी येऊन कीबोर्डवर कपडे वाळत घालतो. पडेगावच्या माळावर आता कमान आहे, आत बंगले आहेत. तो हौद त्यांनी पाडला नाही. बागेत घेतला, रंग दिला, आत फुलझाडं लावली. आबा गेले त्याला सहा वर्षं झाली. मला चार महिन्यांनी कळलं.

मेल आली तेव्हा मी इम्रानला फोन केला. "भेज दे ना यार," तो म्हणाला. "और मल्हारीकू पूछ ले एक बार." आधी पाठवणं, मग विचारणं, हा त्याच्या बोलण्यातला क्रम मला सोयीचा वाटला. मी फाईल त्याच दुपारी पाठवून दिली. विचारू नंतर, नाहीतरी तो नाही म्हणणार नाही, अशी माझी मीच समजूत घातली. टँकर येतच असेल, अशी मल्हारीनं स्वतःची घातली होती तशी. फरक एवढाच की तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि मी आता चाळिशी ओलांडली आहे.

पाच दिवसांनी मी त्याला गाठलं. टँकर भरतात तिथं रांगेत तो चौदावा होता. हो, आमच्या गल्लीत येणारा, आधी हॉर्न न देणारा टँकरवाला मल्हारीच. कंपनीतून कमी केल्यावर तो गाडीवर लागला. केबिनमध्ये खंडोबाचा लहानसा फोटो आणि सीटवर अंथरलेली घोंगडी. कोपऱ्यात खिळ्याचं भोक. मी तिच्यावरच बसलो.

मेलबद्दल सांगितलं. फाईल पाठवलीय हे सांगितलं नाही. इअरफोन त्याच्या कानात घातले आणि अकरा मिनिटं समोरच्या टँकरच्या मागचा नंबर वाचत राहिलो. रांग दोनदा पुढं सरकली, दोन्ही वेळा त्यानं गाडी पुढं घेतली, कानातलं न काढता. शेवटी काढलं आणि वायरीची नीट गुंडाळी केली.

"आबाला कुनीच बोल्लं नाय बग," तो म्हणाला.

"नाही."

"म्या बी नाय बोल्लो. पुढं कदी त्यानी इचारलं नाय, म्या सांगितलं नाय." त्याचा आवाज आता नेहमीच घोगरा असतो, अर्धी हवा. "चाळीस सेकंद हायेत त्ये ऱ्हाऊ दे. त्ये माजं हाय. ह्ये लांबडं कुनाला देऊ नको, सुध्या. त्येला उत्तर द्यायचं ऱ्हायलंय माजं."

मी घरी येऊन कंपनीला लिहिलं, कृपा करून ते मुद्रण काढून टाका. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अतिशय सभ्य. तबकड्या छापायला गेल्या आहेत, आता काही करता येणार नाही. शिवाय त्यांना ते फार आवडलं होतं. भाषा कळत नसली तरी म्हाताऱ्याचा तो प्रश्न ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. अल्बम त्यांनी त्या प्रश्नावरच संपवला आहे, पुढचं मेंढरांचं ओरडणं आणि खरखर कापून.

परवा सकाळी टँकर आला. मी वरच्या खिडकीत उभा होतो. मल्हारीनं गाडी लावली, खाली उतरला, मागं जाऊन कॉक थोडा सोडला. ओंजळ धरली. प्यायला. तोंड पुसलं. मग केबिनकडे येऊन हॉर्न दिला आणि दारं उघडली, ड्रम सरकले, बायका, माणसं, सगळी गल्ली धावली. मीही दोन बादल्या घेऊन जिना उतरलो आणि रांगेत शेवटी उभा राहिलो.

माझा नंबर आला तेव्हा त्यानं पाइपवरून मान वर न करता विचारलं, "पाठिवलं नाय ना रं त्ये?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं केलंस." त्यानं पाइप माझ्या बादलीत धरला, आणि काठोकाठ भरेस्तोवर काढला नाही.